खर्जात विचारलेला प्रश्न

एखादी गोष्ट करावी की करू नये हे ठरत नसलं, की मी ती मोठ्याने बोलते. मनातल्या मनात बोलून भागत नाही. पहाटे, घर जागं व्हायच्या आत, तानपुऱ्यापाशी बसून, आवाज जितका खाली उतरेल तितका उतरवायचा, म्हणजे खर्जात न्यायचा, आणि मग बोलायचं. गेली काही वर्षं हा माझा नेम झाला आहे. मैत्रिणींना सांगितलं की त्या विचारतात, म्हणजे ध्यानच ना? तसं नाही. ध्यानाला बसले की मी गप्प होते, आणि मी गप्प झाले की डोक्यातली माणसं बोलायला लागतात. नणंद एक सांगते, भाऊ दुसरं सांगतो, आणि ‘लोक’ नावाचा कुणीतरी सतत बडबडत असतो. गळा कामाला लागला की ही सगळी मंडळी हळूहळू उठून जातात.

आतलं उत्तर ऐकायचं तर शांत बसा, असं सगळेच सांगतात. माझा अनुभव वेगळा आहे. मला आधी आवाज द्यावा लागतो, मग ऐकू येतं. आणि मी जितकी आजूबाजूला आणि मागे पाहत जाते, तितकं मला दिसतं की आपल्याकडच्या माणसांना, त्यातही बायकांना, ही वाट फार जुन्या काळापासून ठाऊक होती. तिच्याबद्दल मनापासून लिहावं असं बरेच दिवस वाटत होतं.

माझं माहेर मिरजेचं. मिरज म्हटलं की लोकांना रेल्वे जंक्शन आठवतं आणि दवाखाने आठवतात. आम्हाला आठवते सतारमेकर गल्ली. दीडशेहून अधिक वर्षं तिथे तंतुवाद्यं बनत आली आहेत. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भोपळ्यांचे ढीग, लाखेचा वास, खुंट्या आणि तारांची भेंडोळी यांतून वाट काढत आम्ही शाळेत जायचो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आईनं मला फोन करून ही बातमी अशी सांगितली, जणू आमच्याच घरात कुणी पहिलं आलं होतं.

त्या गल्लीत लहानपणी पाहिलेलं एक काम माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे. जवारी काढणं. तानपुऱ्याच्या भोपळ्यावरच्या तबलीवर, म्हणजे लाकडी झाकणावर, घोडी असते, तिच्यावरून तारा जातात. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी सूक्ष्म उतार असतो. तार छेडली की ती त्या उतारावर हलकेच टेकत, सुटत राहते, आणि म्हणून तानपुऱ्याचा आवाज इतका लांबतो आणि त्यातून सुरांची वाफ उठल्यासारखी येते. हा उतार वाजवून वाजवून झिजतो. मग कारागीर घोडीवर कानस फिरवतो, तार लावतो, छेडतो, ऐकतो, तार बाजूला करतो, पुन्हा कानस. मध्येच एखादा कण घासतो, इतका लहान की आपल्याला काही बदललेलंही दिसत नाही. आणि अचानक तानपुरा उघडतो. तो कुठे थांबला आणि का थांबला, हे विचारलं तर तो पुन्हा तार छेडून दाखवतो. त्याच्याकडे दुसरं उत्तर नाही, आणि मला वाटतं त्याची गरजही नाही.

शेवटचं काम आपल्या हातात असतं. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवायचा. केसभर पुढे, केसभर मागे. योग्य जागा सापडली की खर्जाच्या तारेतून, म्हणजे त्या जाड पितळी तारेतून, गंधार, म्हणजे ग, ऐकू येतो. तानपुऱ्याला चार तारा: एक पंचमाची (प), दोन जोडीच्या (मधला सा) आणि एक खर्जाची (खालचा सा). गंधाराची तार त्यात नाही. तरी तो येतो. याला स्वयंभू गंधार म्हणतात. त्यामागचं गणित सरळ आहे. माझा षड्ज, म्हणजे सा, पेटीच्या काळी चारचा, तेव्हा माझ्या तानपुऱ्याची खर्जाची तार सेकंदाला साधारण १०४ वेळा कंप पावते. पण कुठलीही तार एकाच गतीने कंप पावत नाही. तिच्यातच दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनं चाललेली असतात. तिपटीत पंचम असतो, पाचपटीत, म्हणजे ५२० च्या आसपास, तार (वरच्या) सप्तकातला गंधार. जवारी नीट असली की हे सगळे सूर पडद्याआडून पुढे येतात. पेटीवरच्या गंधारापेक्षा हा गंधार थोडा उतरलेला असतो, आणि एकदा कानाला त्याची सवय झाली की पेटीचा गंधार टोचायला लागतो.

हा गंधार ऐकू येण्यासाठी कान ताणायचा नसतो. मी शिकायला लागले तेव्हा आमच्या बाई म्हणायच्या, "शोधू नकोस गं. षड्ज लाव आणि त्यात बसून राहा. तो येईल." पहिले कितीतरी महिने आला नाही. मग एका पावसाळी सकाळी आला, आणि आल्यावर कळलं की तो रोजच होता.

मिरजेत गाण्याचा विषय निघाला की थोर गवई अब्दुल करीम खाँसाहेबांकडे बोलणं वळतंच. मूळचे उत्तरेतल्या कैराण्याचे, पण आयुष्याचा मोठा काळ मिरजेत राहिले. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि दरवर्षी उरुसात तिथे गवई हजेरी लावतात. त्यांच्या आवाजाबद्दल आमच्याकडची जुनी माणसं एकच सांगायची, की गाताना गळा कुठला आणि तानपुरा कुठला हे कळायचं नाही. १९३७ साली पाँडिचेरीकडे जात असताना प्रवासात त्यांच्या छातीत दुखू लागलं. सिंगपेरुमल कोइल नावाच्या लहानशा स्थानकावर ते उतरले, तानपुरा जुळवायला लावला, आणि दरबारी रागाच्या सुरात देवाचं नाव घेत घेतच गेले, असं त्यांच्या परंपरेत सांगतात. लहानपणी मी ही गोष्ट ऐकून घाबरायचे. आता वाटतं, आपल्याला काय होतं आहे हे त्या माणसाला कळलं होतं, आणि कळलेल्या गोष्टीपाशी जाण्याचा त्याला माहीत असलेला एकच मार्ग होता. तो गळ्यातून जाणारा होता.

आता खर्जाविषयी. मध्य षड्जाच्या खाली, मंद्र सप्तकात, एकेक सूर धरून उतरत जायचं आणि प्रत्येक सुरावर श्वास संपेपर्यंत थांबायचं, ही खर्जाची साधना. पुरुषांचे गळे मंद्र षड्जापर्यंत आणि त्याखालीही जातात. बायकांचा गळा बहुधा मंद्र पंचम, फार तर मध्यमापर्यंत पोहोचतो. त्याखाली आवाज उरत नाही, नुसती हवा येते. पण खरी गंमत त्या टोकावरच्या दोन-तीन सुरांत आहे. तिथे जोर चालत नाही. वरचे सूर एक वेळ ताणून, ओरडून काढता येतात. मंद्र पंचम ताणून निघत नाही. जीभ, हनुवटी, खांदे, पोट, सगळं सैल सोडावं लागतं. कुठेही आवळलेलं असलं की सूर फाटतो.

म्हणजे खर्ज लावायचा असेल तर भीती बाजूला ठेवावी लागते. तशी ती ठरवून ठेवता येत नाही, म्हणून शरीराच्या वाटेनं जायचं. श्वास लांबवला की हृदयाचे ठोके मंदावतात. श्वास आत घेताना ठोके किंचित वाढतात आणि सोडताना कमी होतात, हे कुणालाही आपल्या मनगटाची नाडी धरून पाहता येईल. गाणं म्हणजे लांबवलेला उच्छ्वासच. २००१ साली इटलीतल्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. काही माणसांना लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना म्हणायला लावली आणि ‘ॐ मणि पद्मे हुं’ हा मंत्रही म्हणायला लावला. दोन्हींमध्ये श्वासाची गती आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आली, एरवी ती बारा ते वीस असते. दोन धर्म, दोन भाषा, पण म्हणण्याची लांबी श्वासाला एकाच ठिकाणी घेऊन गेली. मला हे वाचून फार आनंद झाला होता. हे शब्द घडवणाऱ्यांकडे कुठलंही यंत्र नव्हतं, तरी श्वासाचं माप त्यांना अचूक सापडलेलं होतं.

नुसतं तोंड मिटून गुणगुणण्यालाही असाच अर्थ आहे. भ्रामरी प्राणायामात आपण भुंग्यासारखा आवाज काढतो. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००२ साली मोजून दाखवलं, की गुणगुणताना नाकातून बाहेर येणाऱ्या नायट्रिक ऑक्साइड वायूचं प्रमाण साध्या उच्छ्वासाच्या सुमारे पंधरा पट होतं. कंपनांमुळे नाकाभोवतीच्या पोकळ्यांतली हवा हलते आणि तो वायू बाहेर येतो. आपण ‘म्’ म्हणतो आणि गालांच्या, कपाळाच्या हाडांआडच्या पोकळ्यांतली हवा खेळती होते.

आणखी एक गोष्ट शरीरशास्त्राच्या पुस्तकात वाचली तेव्हापासून मनातून गेलेली नाही. स्वरयंत्राला हलवणारी डाव्या बाजूची मज्जातंतूची शाखा मेंदूकडून थेट गळ्यात येत नाही. ती आधी गळ्याशेजारून खाली छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि मग पुन्हा वर चढून स्वरयंत्रापाशी पोहोचते. ज्या मज्जातंतूची ही शाखा, त्याच्याच दुसऱ्या शाखा हृदयाला आणि पोटाला जातात. छातीत काही झालं आणि ते आवाजात उमटलं, यात मग नवल कसलं? फोनवर आईनं नुसतं "हॅलो" म्हटलं तरी मला कळतं की काल रात्री ती झोपलेली नाही.

आईचा विषय निघालाच आहे, तर तो प्रसंग सांगते.

बाबा गेल्यावर आई मिरजेच्या घरात एकटी राहू लागली. भाऊ बंगळूरला, मी पुण्यात. वर्षभरात सगळ्यांचं एकमत झालं की आईला पुण्याला आणायचं. कारणं खोटी नव्हती. तिचे गुडघे दुखतात, घराचा जिना उंच आहे, रात्री काही झालं तर जवळ कुणी नाही. आमच्याकडे एक खोली रिकामी होती. मलाही ते पटलेलं होतं. तिच्या पलंगासाठी मी जागा मोजून ठेवली होती. फक्त तो विषय निघाला की माझ्या पोटात काहीतरी घट्ट व्हायचं, आणि मी ते दमणुकीच्या खात्यात टाकायचे.

एका पहाटे खर्ज झाल्यावर, त्याच खालच्या आवाजात, मी ते वाक्य मोठ्याने म्हटलं. आईला पुण्याला आणायचं. वाक्य ‘पुण्याला’पाशी वर चढलं, आणि ‘आणायचं’ म्हणेपर्यंत श्वास संपला. पुन्हा म्हटलं. पुन्हा तसंच. तीन शब्दांचं वाक्य, लांब नव्हे, अवघड नव्हे; पण ते खर्जात बसेना. मग मी दुसरं म्हटलं, जे तोवर कुणी बोललंच नव्हतं: आई मिरजेतच राहील आणि मी जात-येत राहीन. ते एका श्वासात, सरळ, खालीच राहून निघालं, आणि संपल्यावरही श्वास शिल्लक होता. डोळे भरून आले. तानपुरा चालू ठेवून मी कितीतरी वेळ तशीच बसून राहिले.

हा काही चमत्कार नव्हता, आणि तो तसा नव्हता म्हणूनच मला तो मोलाचा वाटतो. त्या सकाळी हळूहळू एकेक गोष्ट आठवत गेली. आई पुण्याला येते तेव्हा टीव्ही लावायच्या आधी विचारते, "लावू का गं?" स्वयंपाकघरात हात मागे बांधून उभी राहते. मिरजेत दुपारी समोरच्या घरातली मुलगी तिच्याकडे पाढे म्हणायला येते, संध्याकाळी भजनी मंडळ असतं, भाजीवाली दारात टोपली उतरवून आपल्या सुनेची तक्रार सांगत बसते. आणि सगळ्यात महत्त्वाचं: पुण्यात आली की तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून आईचा आवाज बारीक होतो. तीच आई मिरजेहून फोन करते तेव्हा रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागतो. हे मी दर वेळी ऐकलं होतं. कानानं नोंद ठेवली होती आणि माझ्यापर्यंत ती पोहोचायची वाट पाहत होती.

आईला मी तेव्हा सरळ विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही सगळे ठरवत होतात, म्हटलं ठरवू दे." मग जरा थांबून म्हणाली, "मला इथंच बरं आहे." जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे बसवले. रात्री सोबतीला एक बाई येतात. मी महिन्यातून जाते. अडचणी संपल्या नाहीत. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी चढायला लागलं की माझी झोप उडते, आणि भावाला हा निर्णय अजूनही पूर्ण पटलेला नाही. त्याचंही म्हणणं प्रेमाचंच आहे. पण फोनवर येणारा आवाज भरीव आहे, आणि मी त्या आवाजावर विश्वास ठेवला आहे.

आतून आलेलं सगळंच खरं असतं असं मात्र मी म्हणणार नाही. याबाबतीत मला आपल्या काळातल्या काही अभ्यासकांचं काम उपयोगी पडतं. अमेरिकेतल्या आयोवामध्ये मेंदूचे अभ्यासक अँटोनिओ दामासिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पत्त्यांचा एक खेळ खेळवला होता. चार गड्ड्या, त्यातल्या दोन सुरुवातीला भरपूर पैसे देणाऱ्या पण शेवटी बुडवणाऱ्या. १९९७ साली त्यांनी दाखवलं, की वाईट गड्डीकडे हात जाताना खेळणाऱ्यांच्या तळहाताला बारीक घाम येऊ लागतो, आणि तोही ‘ही गड्डी वाईट आहे’ असं त्यांना सांगता येण्याच्या आधी. शरीर आधी हिशोब करतं. पण कशाचा हिशोब? त्यानं जे अनुभवलं आहे त्याचाच. ज्या गड्डीतलं एकही पान उचललेलं नाही, तिच्याबद्दल हाताला घाम कसा येईल?

२००९ मध्ये डॅनियल काहनमन आणि गॅरी क्लाइन या दोघा मानसशास्त्रज्ञांनी मिळून एक लेख लिहिला. एक अंतर्ज्ञानाच्या चुका दाखवण्यासाठी प्रसिद्ध, तर दुसरा त्याची थोरवी सांगण्यासाठी. दोघे ज्या मुद्द्यावर एकत्र आले तो असा: ज्या क्षेत्रात गोष्टी काही नियमानं घडतात, आणि ज्या माणसाला तो नियम दीर्घकाळ, चूक-बरोबर कळत कळत शिकायला मिळाला आहे, तिथे त्याच्या आतल्या कौलावर भरवसा ठेवावा. मला लगेच सतारमेकर गल्लीतला तो कानस चालवणारा हात दिसला. त्यानं आयुष्यभर तार छेडली आहे आणि दर वेळी तारेनं त्याला उत्तर दिलं आहे. म्हणून तो न सांगता थांबू शकतो. आईच्या आवाजाबद्दल मी तितकीच जुनी ऐकणारी आहे. शेअर बाजाराबद्दल नाही. अंगात गाठ आली तर ती कशाची आहे हे मी तानपुऱ्याला विचारणार नाही, डॉक्टरांकडे जाईन. या साधनेला कुणी रोगनिदान करायला लावत असेल किंवा भविष्य विचारत असेल, तर मला मनापासून वाईट वाटतं. माणसं दुखावलेली असतात, हातात एक सुंदर गोष्ट येते, आणि तिच्यावर तिला न पेलणारं ओझं घातलं जातं.

आतल्या आवाजाचा विषय पुण्यात काढायचा तर येरवडा टाळता येत नाही. १९३३ च्या एप्रिल अखेरीस महात्मा गांधी येरवड्याच्या तुरुंगात होते. अस्पृश्यतेच्या प्रश्नावर काय करावं या विचारानं त्यांच्या मनात मोठी घालमेल चालली होती. एका रात्री त्यांना आवाज ऐकू आला, दुरून आल्यासारखा आणि तरी अगदी जवळचा, माणूस बोलावा इतका स्पष्ट, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं आहे. तो ऐकल्यावर झगडा संपला आणि मन शांत झालं. ८ मे रोजी त्यांनी २१ दिवसांचा उपवास सुरू केला. सरकारनं त्याच दिवशी सोडल्यामुळे तो पुण्यातल्याच ‘पर्णकुटी’ नावाच्या बंगल्यात पार पडला. हा आवाज खरा कशावरून, असं त्यांना तेव्हाही विचारलं गेलं. त्यांचा रोख असा होता, की असा दावा करणाऱ्यानं आधी दीर्घ शिस्त पाळलेली असली पाहिजे. उठेल त्यानं म्हणावं असं ते नाही.

मला या हकिकतीत आणखी एक गोष्ट दिसते. त्यांच्या आश्रमात पहाटे आणि संध्याकाळी प्रार्थना व्हायची, आणि ती गाऊन व्हायची. त्यासाठी साबरमतीला गायक विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य, पंडित नारायण मोरेश्वर खरे, येऊन राहिले होते. वर्षानुवर्षं दिवसाची दोन्ही टोकं सुरांनी बांधलेल्या माणसाला एका रात्री आतलं ऐकू आलं. या दोन गोष्टींचा संबंध मी जोडते आहे, त्यांनी जोडल्याचं माझ्या वाचनात नाही. पण खर्जाला बसणाऱ्या कुणालाही तो जोडावासा वाटेल.

माझं सासर कोकणातल्या कुडाळकडचं. लग्नानंतर पहिल्यांदा गावी गेले आणि देवळात गाऱ्हाणं ऐकलं, तेव्हा अंगावर काटा आला होता. शास्त्रीय गाण्याशी त्याचा काही संबंध नाही. गाऱ्हाणं घालणारा देवासमोर उभा राहतो आणि मोठ्या, घुमणाऱ्या आवाजात सुरू करतो: बा देवा महाराजा! मग ज्याचं गाऱ्हाणं, त्याचं नाव, त्याची अडचण, सगळं जसंच्या तसं. ह्या तुझ्या लेकराच्या घरात अमुक झालं आहे, तमुक अडलं आहे, त्यात काय चुकलं-माकलं असेल तर पोटात घाल. प्रत्येक टप्प्यावर भोवतीची माणसं एका आवाजात म्हणतात, "व्हय महाराजा!" ज्याची अडचण तो हात जोडून उभा असतो आणि स्वतःच्या मनातली गोष्ट दुसऱ्याच्या गळ्यातून, सगळ्या गावासमोर, ऐकत असतो. इतके दिवस ती त्याच्या डोक्यात फिरत होती. आता ती हवेत आहे, तिला सुरुवात आहे आणि शेवट आहे. मी त्या माणसांचे चेहरे पाहिले आहेत. गाऱ्हाणं संपताना खांदे खाली आलेले असतात.

मग कौल. ओल्या केलेल्या पाकळ्या किंवा पानाचे तुकडे देवाच्या मूर्तीला लावतात, आणि उजवी पडते की डावी, त्यावरून होकार-नकार. गोव्यातही ही रीत आहे. माझ्या एका चुलत सासूबाईंना मी नवखेपणानं विचारलं होतं, की देव खरंच सांगतो का? त्या घरातली सगळ्यात भाविक बाई. त्या म्हणाल्या, "पाकळी पडाच्या आधी तुझो जीव खंयच्या बाजूक वळता, ता आधी बघ." मला वाटतं, यापेक्षा नेमकं मी कुठल्याही मानसशास्त्रज्ञाकडून ऐकलेलं नाही. त्यांची श्रद्धा त्यामुळे तसूभरही कमी होत नव्हती. देवानं उत्तर कुठून द्यावं, हा त्यांच्या लेखी देवाचा प्रश्न होता.

आणि दळायचं जातं. याबद्दल खरं तर स्वतंत्र लिहायला हवं. पहाटे अंधारात उठून बायका जात्यावर बसायच्या, खुंटा धरायच्या, दाण्यांची वैरण घालायच्या आणि ओवी सुरू व्हायची. घरातली बाकीची माणसं झोपलेली. जात्याची घरघर एकाच खालच्या सुरात चाललेली, आणि त्या सुराला धरून बाईचा आवाज. तानपुरा विकत घेण्याची ऐपत कुणाची होती? तो दगडाचा होता आणि पीठही देत होता. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी पुण्याजवळच्या मुळशीच्या डोंगरी गावांपासून सुरुवात करून अशा ओव्या गोळा केल्या. त्यांच्या आणि सोबतच्या कार्यकर्त्यांच्या कष्टांतून एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. त्या वाचताना मी पुन्हा पुन्हा थांबते. माहेर, भाऊ, सासूचा जाच, पोटातलं बाळ, विठ्ठल, सीता, दुष्काळ, बाबासाहेब. दिवसा ज्या बाईला तोंड उघडायची मुभा नव्हती, ती पहाटे जात्यापाशी सगळं बोलत होती. ओवीत ती स्वतःलाच हाक मारते, स्वतःलाच समजावते, आणि पुष्कळदा ओवीच्या शेवटच्या चरणात असं काही बोलून जाते, जे पहिल्या चरणाला तिलाही ठाऊक नसावं. खुंटा फिरतो आहे, श्वास त्याच्या फेऱ्याशी बांधला गेला आहे, आणि मग ते येतं.

माझ्या आजीच्या ओव्या गेल्या. कुणी लिहून घेतल्या नाहीत. तिची धाकटी जाऊ, आमची काकीआजी, अजून आहे. जतजवळच्या गावात असते. तिच्याकडे मागच्या वेळी गेले तेव्हा मी फोनवर रेकॉर्डिंग लावून बसले आणि म्हटलं, "काकीआजी, म्हण की एखादी." तिनं डोळे मिटले, ओठ हलवले, मान हलवली. "न्हाई गं आठवत बाय. अशी बसून न्हाई येत." ओव्या गोळा करणाऱ्यांनाही हाच अनुभव यायचा: जात्यावर बसल्याशिवाय बायकांना शब्द सुचत नसत, आणि बसल्या की थांबत नसत.

तिचं जातं मागच्या पडवीत पालथं पडलं आहे. खुंटा मोडला आहे आणि पाळूचा दगड इतका गुळगुळीत झाला आहे की त्यावर दाणा भरडणार नाही. गावात पाथरवट आता राहत नाही. शेजारच्या गावातला एक जण यात्रेच्या आधी येतो असं कळलं. त्याला निरोप दिला आहे. तो छिन्नीनं टाकी लावून देईल, खुंटा सुतार करून देईल. ज्वारी घरचीच आहे. समोर दुसऱ्या बाजूला बसून हात लावायला कुणीतरी लागतं, तर मी बसेन, म्हणून सांगितलं आहे.